रुपाबाईचं कुरण आणि देवीचा बोकड

रुपाबाई राठोडचा आवाज टेकडीवरून निघाला की सडकेवरचे बैल कान टवकारत. गोड बोलणं तिला कधी जमलंच नाही. नवरा देवला जिवंत होता तेव्हा म्हणायचा, ही नुसतं 'भाकर वाढली' म्हणाली तरी शेजारी विचारतात, भांडण कशावरून? देवला गेला, तोंड तेवढं मागे राहिलं. पण तांड्यात एक गोष्ट तिचे वैरीसुद्धा मान्य करत. बाई खोटं बोलत नाही. खोट्याची गरजच काय, तिचं खरंच इतकं टोचायचं.

तांडा मंगरूळपीर आणि कारंज्याच्या मधोमध, एका बोडक्या टेकडीच्या पायथ्याशी. टेकडीवर गवताची काडी नाही, माथ्यावर मात्र शेंदूर लावलेली देवी. तांड्याची ती याडी, म्हणजे आई. बहात्तर साली पाऊस दडून बसला तेव्हा रुपाबाई दुष्काळी कामावर खडी फोडत होती. संध्याकाळी सुकडी, म्हणजे सरकारी पौष्टिक पीठ, मिळे, तिच्यावर माणूस जगत होतं. पण दावणीला कबरी गाय होती आणि गायीला सुकडी कोण देणार? कारंज्याच्या एका जैन मंदिराच्या, भाकड गुरं सांभाळणाऱ्या पांजरपोळानं गुरांसाठी छावणी उघडल्याचं कळलं, तेव्हा तिनं कबरीला तिकडे न्यायचं ठरवलं. निघण्याआधी ती टेकडी चढली आणि देवीपुढं उभी राहून म्हणाली, "माही गाय वाचली त तुले बोकड देईन, याडी. इथंच, तुह्या पायाशी."

कबरी वाचली. सहा महिने मंदिराचा कडबा खाऊन ती परत आली ती चांगली अंगानं भरून. आता तिला देवीनं वाचवलं की जैनांच्या कडब्यानं, हे कुणी कुणाला विचारावं? रुपाबाईनं धरलं की दोघांनी मिळून वाचवलं. पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

छावणीत गायीसोबत राहून रुपाबाईनं तिथलंही काम अंगावर घेतलं होतं. कडबा चोरून नेणाऱ्या एका गाडीवानाला तिनं असं फैलावर घेतलं की तो पुन्हा त्या रस्त्यानं गेला नाही. हे पांजरपोळ पाहणाऱ्या नेमासांनी पाहिलं होतं. नेमासा कारंज्याचे धान्याचे अडते. अंगानं काडी, डोक्यावर टोपी, आणि गाळलेल्या पाण्याचा लोटा सदैव सोबत. दुष्काळ सरला आणि एक दिवस ते बैलगाडीनं तांड्यात आले.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. पांजरपोळाच्या गुरांना वैरण लांबून आणावी लागते. ही टेकडी बंद ठेवली, चराई नाही, कुऱ्हाड नाही, तर तीन-चार वर्षांत कुरण होईल. ग्रामपंचायतीची हरकत नाही. भोवतीचा दगडी बांध, रोपं आणि राखणदाराचा पगार मंदिर देईल. दिवाळीनंतर गवत कापायचं, निम्मं तांड्याचं, निम्मं पांजरपोळाचं.

तांड्याचा नायक हरिसिंग मोठ्यानं हसला. "सेठजी, दगडं राखाले पगार देता का? तुमच्या पांजरपोळात अक्कल बी चरून राह्यली वाटते."

नेमासा रागावले नाहीत. म्हणाले, "एकच अट आहे. टेकडीवर जीव मारायचा नाही. हा देवाचा पैसा आहे, मला त्याचं उत्तर द्यावं लागतं."

लोकांना वाटलं, सशाचं आणि तितराचं चाललंय. माना डोलल्या. तांड्यातल्यांचे नवस जत्रेत फिटत, टेकडीवरच्या याडीला सहसा कुणी काही कबूल करत नसे. कबूल केलं होतं ते एकट्या रुपाबाईनं. तिच्या जिभेवर आलं होतं, पण नेमासा तिच्याकडे वळून म्हणाले, "राखणीला ही बाई पाहिजे," आणि तिनं शब्द गिळला. उभ्या जन्मात पहिल्यांदाच गिळला, म्हणून घशात अडकला तो कायमचा.

राखण तिनं केली, आणि अशी केली की तांड्याला नको झालं. पहाटेपासून ती बांधावर. शेळ्या शिरल्या की शेळ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार, आणि मग त्यांच्या मालकांचा. स्वतःच्या सख्ख्या भाच्याची कुऱ्हाड तिनं हिसकून विहिरीत टाकली. हरिसिंग तिचा चुलतदीर, तिला भोजाई म्हणजे वहिनी म्हणायचा. त्याचा गोऱ्हा कुरणात सापडला तेव्हा तिनं तो थेट कोंडवाड्यात नेऊन घातला. नायकाचा गोऱ्हा कोंडवाड्यात! दोन महिने दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. तांड्यात जरा शांतता होती, असं लोक सांगतात.

पहिल्या वर्षी नुसती कुसळं आली. हरिसिंग म्हणाला, सेठजीनं काटे पेरले. दुसऱ्या वर्षी पवन्या गवत दिसलं, पळसाच्या खोडांना धुमारे फुटले. तिसऱ्या वर्षी गवत कमरेला लागलं. चौथ्या वर्षी पायथ्याच्या नाल्यातला झिरा चैत्रापर्यंत ओला राहिला आणि बायकांचा पाण्याचा अर्धा कोस वाचला. एका दुपारी रुपाबाईनं वरून पाहिलं. हरिसिंग झिऱ्याशी वाकून ओंजळीनं पाणी पीत होता. पिऊन झाल्यावर त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि आणखी एक ओंजळ प्याला. ती काही बोलली नाही. तिच्या स्वभावाला हे फार जड गेलं असणार.

नवस मात्र थकत गेला. तो एव्हाना तांड्यालाही कळला होता. आधी बोकड लहान आहे म्हणून, मग अंगात बरं नाही म्हणून. दर वेळी टेकडीच्या माथ्यावर ती देवीकडे पाठ करून बसे. देणं ठेवलेल्या माणसाच्या दारावरून जाताना आपण दुसरीकडे पाहतो ना, तशी.

मग अठ्ठ्याहत्तर साल उजाडलं आणि तांड्यात खुरकूत आली. गुरं लाळ गाळू लागली, दोन बैल दगावले. म्हाताऱ्या बायकांनी बोटं मोडली आणि सगळ्यांच्या नजरा एका झोपडीकडे वळल्या. हरिसिंग तिच्या दारात येऊन उभा राहिला.

"भोजाई, याडीचं देनं काहून ठेवलं? पाच वर्सं झाली."

"देईन म्हनलं ना."

"कवा? मेल्यावर? मंग ते तुह्या लेकरायच्या डोक्यावर बसन. चैतातल्या पयल्या मंगळवारी बोकड वर गेला पाह्यजे. सारा तांडा येइन."

"अन् सेठजीची अट?"

हरिसिंगनं टेकडीकडे पाहिलं. अट त्यालाही माहीत होती. तो म्हणाला, "पैसा मंदिराचा हाये, पन टेकडी याडीची हाये." आणि ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं कारंज्याची एसटी धरली. चोरून बोकड देणं तिला जमणार नव्हतं. पगार ज्याचा खायचा त्याला अंधारात ठेवायचं, हा तिचा धर्म नव्हे. अडतीत नेमासा गादीवर बसले होते. तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. गाय, छावणी, नवस, गिळलेला शब्द. सांगताना तिचा आवाज पहिल्यांदा इतका खाली आला की नेमासांना कान पुढं करावा लागला.

 नेमासांनी पाणी मागवलं, तिच्यापुढं ठेवलं.

"रुपाबाई, तू आलीस हे बरं केलंस. मी तुला अडवत नाही. तुझी देवी माझ्या पैशाच्या कितीतरी आधीची आहे. पण बोकड कापला गेला तर पुढचा पैसा मी मागू शकणार नाही. मंदिराच्या पंचांपुढं मी खोटं बोलू शकत नाही, जसं तू माझ्यापुढं बोलू शकली नाहीस."

"पैसा बंद झाला त बांध पडन. चार गावची ढोरं शिरतीन. आठ दिसांत टेकडी बोडकी होइन, सेठजी."

"माहीत आहे," नेमासा म्हणाले.  "मलाही ती टेकडी आवडते. तुझी देवी नवस माफ करत नाही का?"

"माफ कराचा का नाई, ते तिनं ठरवाचं. मी कोन ठरवनारी?"

एसटीत खिडकीशी बसून ती हेच वाक्य घोळवत राहिली. तिनं ठरवायचं. आणि देवी ठरवते कशी, हे तांड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बोकड देवीपुढं उभा करतात. नायक त्याच्या पाठीवर, कानांवर पाणी ओततो. बोकड अंग झाडून थरथरला की देवीनं घेतला. तीनदा ओतूनही तो ढिम्म राहिला तर देवीनं नाकारला, त्याच्या मानेला कुणी सुरी लावायची नाही. नाकारलेला बोकड रुपाबाईनं जन्मात पाहिला नव्हता. गार पाणी कानात गेल्यावर कोणता बोकड थरथरणार नाही?

मंगळवारी ती झिऱ्यावर सर्वांच्या आधी पोचली. तांब्याचा लोटा भरला, टेकडी चढली आणि लोटा देवीशेजारच्या काळ्या खडकावर ठेवला. पळसाची सावली हातभरावर होती. तिनं तो सावलीत सरकवला नाही. का, हे तिनं स्वतःलाही विचारलं नाही. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा देवीकडे तोंड करून बसली आणि म्हणाली, "याडी, पानी ते पानीच असते. तुले पाह्यजे असन त तो ऊन पान्यानंबी झाडन. मी तुले अडवत नाई."  खरं बोलणाऱ्या माणसाला एवढीशी लबाडीसुद्धा फार महाग पडते.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा तांडा वर चढला. गुलाल, नारळ, ढोलकं, आणि काळाभोर बोकड. रुपाबाईनं त्याला कुंकू लावलं, गळ्यात झेंडूचा हार घातला. खाली कापणीतून राहिलेलं वाळलं गवत सोन्यासारखं पडलं होतं आणि कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. हरिसिंगनं सुरी देवीच्या ओट्यावर ठेवली, हात पुढं केला.

"पानी."

तिनं लोटा दिला. हरिसिंगनं रीतीप्रमाणं उजव्या हाताची बोटं पाण्यात बुडवली आणि तिथंच थांबला.

त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं नजर खाली घातली नाही. सगळं आता त्याच्या एका शब्दावर होतं. झिऱ्यावरून ताजं पाणी आणा, एवढं म्हणायला नायकाला कुणाची परवानगी लागत नव्हती. ढोलकीवाला थांबला. हरिसिंगची नजर तिच्या खांद्यावरून खाली गेली, गवताकडे, बांधाकडे, पलीकडे नाल्यात बायका हंडे भरत होत्या तिकडे. बोटं अजून पाण्यातच होती.

मग त्यानं लोटा उचलला आणि हळूहळू, धार न तोडता, बोकडाच्या पाठीवर थोडं पाणी ओतलं. बोकडानं डोळे मिटले. दुसऱ्यांदा कानांवर ओतलं. बोकडानं एक कान हलवला, पण तेवढंच. तिसऱ्यांदा हरिसिंगनं उरलेलं सगळं पाणी त्याच्या अंगावर सांडलं, शेवटच्या थेंबापर्यंत, म्हणजे दुसऱ्या कुणाला लोट्यात हात घालता येऊ नये. बोकड मान वळवून हारातला झेंडू खाऊ लागला.

"नाई घेतला," हरिसिंग मोठ्यानं म्हणाला.  "याडीनं नाई घेतला! ह्या टेकडीवर तिले रगत नको हाये. नवस फिटला."

कुजबुज झाली, म्हाताऱ्यांनी कानाला हात लावले, कुणीतरी नारळ फोडला. जेवण हुकलं म्हणून दोघं-तिघं करवादले, पण देवीशी कोण वाद घालतो? लोक बोकडाला घेऊन उतरू लागले. रुपाबाई ओट्याशी खाली बसली. 

हरिसिंग मागे राहिला. त्यानं रिकामा लोटा तिच्यापुढं ठेवला, बोटं धोतराला पुसली.

"भोजाई," तो हळूच म्हणाला, "मी नायक हाये. पयल्यांदा खोटा कौल देल्ला. याडी कोपली त आदी माह्यावर कोपन, तुह्यावर नाई. तू आपली गवत राख."

आणि उभ्या तांड्याला जिच्या तोंडाची धास्ती, त्या रुपाबाईनं पदर तोंडात धरला आणि ढसाढसा रडली.