गाव खाली न्हाई

गिरजामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी नुकताच चहा घ्यायला बसलो होतो. फोनवर तिची नातसून रेखा होती. "काका, आज्जी उठंनात... अंग गार लागायलंय," एवढंच ती बोलली आणि पुढं नुसतं रडणं ऐकू आलं. परभणीत आमची घरं फार लांब नाहीत, मी तसाच निघालो. मावशी अंगणातल्या लिंबाखाली तिच्या बाजेवर होती, कुशीवर वळलेली, गोधडी कानापर्यंत ओढलेली आणि तोंड फाटकाकडं. रोज सकाळी ती तशीच दिसायची. मी जवळ जाऊन दोनदा हाक मारली, आणि मग बाजेच्या माच्यावरच बसून राहिलो.

थोड्या वेळानं गल्लीतला डॉक्टर आला. तरुण पोरगा, नुकतीच पाटी लावलेली. नाडी बघून झाल्यावर तो मावशीच्या मुलाला, अशोकला म्हणाला, "एवढ्या थंडीत म्हातारीला बाहेर झोपवता? घरात जागा नव्हती?" अशोक मायच्या पायावरची गोधडी सारखी करू लागला. मग तिरडी बांधेपर्यंत तेच चाललं. स्लॅबचं घर बांधलं पण मायच्या वाट्याला अंगण आलं, असं दोघीतिघी पदराआडून बोलत होत्या, आणि बोलणं मला ऐकू येईल याची काळजीही घेत होत्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मयताच्या दारात भांडू नये म्हणून गप्प बसलो. आता काही आठवडे झालेत, पण त्या दिवशी गिळलेलं अजून पचलेलं नाही. मावशी अंगणात का झोपायची ते त्या डॉक्टरला, त्या बायांना आणि ज्यांना ज्यांना ऐकायचं असेल त्यांना सांगावं, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

माझी आई तिची धाकटी बहीण. आई लवकर गेली आणि मला वाढवलं ते मावशीनं. उभा जन्म तिनं जिनिंगमध्ये कापूस निवडण्यात काढला. केसांत कायम कापसाचे तंतू आणि बोलणं मात्र कापसासारखं मुळीच नाही. मी जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्यात लस टोचायच्या कामाला लागलो, तेव्हा गल्लीभर पेढे वाटले तिनं, आणि लगेच माझी थट्टाही केली, "आता लोक तुला बघून पळत्याल बघ." पण दौऱ्यावरून परत आलो की तिचं वेगळंच चालायचं. येलदरीकडची खेडी करून यावं, नाहीतर देवगाव फाट्यापासून आत सायकल मारून अंग आंबून यावं, तर ही पाणी देण्याआधी विचारणार, "शेवटच्या घरापातूर गेलास का? का पारावर मेज मांडून आलास?" मी वैतागायचो. "मावशी, तू काय आमची साहेबीण हायस का?" म्हणायचो. त्यावर ती हसत नसे. उत्तर मिळेपर्यंत तांब्या हातातून सोडत नसे.

ती घरात झोपत नाही हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक होतं, आणि घरातल्या सवयींचं कारण कोणी विचारत नाही तसं आम्हीही कधी विचारलं नव्हतं. पावसाळ्यात बाज ओसरीच्या कडेला, वर पोतं. थंडीत शेकोटी. अशोकनं तिच्यासाठी मुद्दाम खिडक्यांची खोली काढली, त्या खोलीत तिनं लोणच्याच्या बरण्या ठेवल्या. मग मी घर बांधलं. घरभरणीच्या दिवशी पंगती उठल्या, पाहुणे पांगले, आणि माझी बायको सुमन मोठ्या मायेनं तिला म्हणाली, "मावशी, नव्या घरात आज पहिल्यांदा तुमी निजा. थोरल्या माणसाचा मान असतो." मावशीच्या हातातलं पान तसंच राहिलं. मला वाटलं, तिला भरून आलं. पण ती उठली, पायऱ्या उतरून सरळ अंगणात गेली आणि उन्हात उभी राहून म्हणाली, "दुसऱ्याचं घर निजवायचं दिस गेलं, सुमन. आता कुणी सांगू नये मला." त्या दिवशी, माझ्या नव्या घराच्या पायरीवर बसून, तिनं पहिल्यांदा सगळं सांगितलं.

निजामाचं राज्य होतं. रझाकारांच्या धुमाकुळाला अजून बरीच वर्षं अवकाश होता. पिंगळी स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आमचं मूळ गाव, आणि आमची घरं अर्थातच गावकुसाबाहेर. त्या वर्षी देशमुखांच्या कणगीत उंदीर मरून पडले. उंदीर पडले म्हणजे गाठीचा ताप आला, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. मग गाव सोडायचं. ज्याचं शेत त्यानं शेतात खोपी घालायच्या, गुरंढोरं, भांडीकुंडी, लेकरंबाळं घेऊन उन्हावाऱ्यात राहायचं आणि रोग ओसरला की परत यायचं. शहाणपणाचीच रीत होती ती, मी खात्यात राहून सांगतो. पण ज्याला शेतच नाही त्यानं खोपी कुठं घालायची, याचं उत्तर त्या रीतीत नव्हतं. त्याऐवजी आमच्या माणसांना काम होतं. गाव सुनं पडलं की चोरचिलटांपासून ते राखायचं. गाठीच्या तापाच्या भीतीनं सगळा गाव जिथून पळाला, तिथंच माझ्या आज्यानं काठी घेऊन फिरायचं, आज्जीनं मारुतीपुढं लांबूनच दिवा ठेवायचा, गिरजामावशीनं माझ्या तान्ह्या आईला काखेत घेऊन शिवेपर्यंत जायचं आणि शेतकऱ्यांनी दगडावर ठेवलेल्या भाकरी गोळा करून आणायच्या. भाकरी ठेवणारं माणूस मावशी येण्याआधीच निघून जायचं.

असंच एकदा भाकरी आणायला ती गेली असता देशमुखांच्या मळ्यात टांगा दिसला. सरकारी डॉक्टर आला होता, बरोबर कचेरीतला एक अंमलदार. चिंचेखाली मेज मांडून सगळ्यांना सुई टोचणं चाललं होतं. देशमुखांचे पाहुणे, सालगडी, त्यांची लेकरं, एकूण एक. मावशी काट्यांच्या कुपाटीमागं उभी राहिली. सगळ्यांचं उरकल्यावर अंमलदारानं विचारलं, "गाँव में कोई है?" आणि पाटील म्हणाला, "न्हाई साहेब, गाव खाली हाय."

इथं मावशी म्हणाली, "आमी तितंच तर हुतो की रं... रोज त्याच्याच वाड्याम्होरनं फिरायचो." ती कुपाटीमागून ओरडली, "आमी हाव गावात!" पाटलानं मान वळवून बघितलं आणि डॉक्टरला समजावलं की ती राखणीची माणसं आहेत, त्यांना काही होत नसतं. डॉक्टरनं पेटी मिटत आणली होती. "कल देखेंगे," म्हणून तो टांग्यात बसला. मावशी दुसऱ्या दिवशी शिवेवर जाऊन बसली. तिसऱ्या दिवशीही बसली. टांगा काही आला नाही. मी स्वतः ती पेटी आयुष्यभर वागवली आहे, म्हणून सांगतो, तो डॉक्टर दुष्ट नसावा. त्याला वरून गाव करायला सांगितलं होतं, आणि गाव म्हणजे कोण हे पाटलानं सांगितलं होतं. त्यानं गाव केलं! रोग सगळ्यांना सारखाच असतो, हे वाक्य आमच्या खात्याच्या बैठकांत मी किती साहेबांच्या तोंडून ऐकलं असेल. रोगाला नसेलही कळत कोण कुठल्या अंगाला राहतो. मेज कुठं मांडायचं हे ठरवणाऱ्याला मात्र नेमकं कळतं.

तरीही त्या उन्हाळ्यात आमच्यातलं कोणी दगावलं नाही. दगावलं ते रोग ओसरल्यावर. आमच्या गावाची एक रीत होती, त्याला 'घर निजवून घेणं' म्हणत. मालक परत येण्याआधी बंद घरं उघडायची आणि प्रत्येक घरात राखणीच्या माणसांपैकी एकानं एक रात्र झोपायचं. तो धडधाकट राहिला तर घर चांगलं, मग मालकानं गोमूत्र शिंपडून आत यायचं. गोमूत्र उंदरांसाठी नव्हतं हे सांगायला नको. ज्यांची सावली एरवी उंबऱ्याला चालत नव्हती, त्यांना त्या एका रात्रीपुरतं थेट माजघरात अंथरूण! देशमुखांचा वाडा मावशीच्या थोरल्या भावाच्या, किसनच्या वाट्याला आला. नुकतं मिसरूड फुटलेलं पोर. सकाळी बाहेर आला तो खुशीत. "गिरजे, आत झोपाळा हाय बघ, पितळी कड्यांचा. मी बसलो त्याच्यावर. आन् जमीन लय गार लागती!" दोन-चार दिवसांत त्याच्या जांघेत गाठ आली. पाणी पाणी करत गेला. देशमुखांनी मळ्यातला मुक्काम वाढवला आणि निरोप पाठवला, "बरं झालं, आधी कळलं."

बरं झालं! हे दोन शब्द सांगताना मावशीचा आवाज चढला नव्हता. माझाच चढला, बायकोनं मला गप्प केलं.

निरोपाबरोबर पुढचं फर्मानही होतं. थोडं थांबून वाडा पुन्हा निजवून घ्यावा. आता पाळी माझ्या आज्याची होती, आणि तो जायला तयारही होता, कारण नाही म्हणायचं असतं हेच त्याला माहीत नव्हतं. मावशीनं त्याच्या हातातली काठी काढून घेतली. "आता त्यांचं घर त्यांनी निजवावं," म्हणाली. माझी आई काखेत, आज्याचा हात धरलेला, आज्जी मागून रडत येते आहे, अशी ती सगळ्यांना घेऊन पिंगळी स्टेशनावर गेली. गाडीतून रोग शहरात जाऊ नये म्हणून तिथं प्रवाशांना चढण्याआधी सुई टोचत होते, हे तिनं शिवेवर बसली असताना वाटसरूंच्या बोलण्यातून ऐकलं होतं. गाव वाचवायला जे खातं मळ्यापर्यंत गेलं, ते शहर वाचवायला फलाटापर्यंत हजर होतं. मावशी तिघांना घेऊन प्रवाशांच्या रांगेत उभी राहिली. तोच डॉक्टर होता. त्यानं ओळखलं नाही. मावशीनं तान्हीचा दंड उघडा करून पुढं केला आणि म्हणाली, "साहेब, गाव खाली न्हाई." त्याला काही उलगडलं नसावं. पण रांगेत उभ्या असलेल्याला टोचायचा हुकूम होता, म्हणून त्यानं टोचलं. चौघांनाही. गाडी आली, गेली, ही माणसं फलाटावरच. गावाला परतायची सोय उरली नव्हती, तेव्हा रुळाच्या कडेकडेनं चालत परभणीला आली आणि जिनिंगच्या आवारात राहिली. माझी आई जगली ती त्या रांगेमुळं, आणि हे लिहायला मी आहे तोही त्यामुळंच.

त्या दिवसापासून मावशी छताखाली झोपली नाही. भुताखेताची भीती नव्हती तिला. माणसाला झोपायला आत बोलवतात तेव्हा कशासाठी बोलवतात, हे तिनं एकदा बघितलं होतं, बस. अशोकनं तिला बाहेर ठेवलं नाही, डॉक्टरसाहेब. ती राहिली.

तेराव्याला मी हे सगळं त्या अंगणात बसून घरच्यांना सांगितलं. रेखाला यातलं काहीच माहीत नव्हतं, ती पदर तोंडाशी धरून ऐकत होती. परवा सहज गेलो. बाज लिंबाखाली तशीच, गोधडीची घडी उशाला, रेखा तिच्या भोवतीनं अंगण झाडत होती. शेजारची बाई फाटकाशी आली. तिच्याकडं पाहुणे यायचे होते.

"रेखा, ती बाज खाली हाय नव्हं? दोन दिवस नेऊ का?"

रेखानं केरसुणी थांबवली.

"न्हाई, काकू," ती म्हणाली, "खाली न्हाई."