शेंदरी हातपंप

हिंदी मुलखातल्या, शंकर नगरच्या आमच्या ऑफिसात पाण्याच्या प्रत्येक नमुन्यावर लेबल असते. किश्शांवर नसते, म्हणून ते सांगता सांगता वाढतात. पुढचे किस्से मी शक्य तितके न वाढवता सांगते आहे.

*

आमचे बोकडे सर मूळचे नागपूरचे. एका दुपारी त्यांनी फ्रीजमधली बाटली घटाघटा संपवली. तो एका गावच्या हातपंपाचा नमुना होता, फ्लोराईड मर्यादेपेक्षा जास्त असलेला! मी घाबरून लेबल दाखवले.

सर शांतपणे म्हणाले, “गोड आहे ना, पोरी! काहून सोडतील लोक हे पाणी?”

*

लोकांनी ते सोडावे, हेच तर आमचे काम होते. त्या गावच्या पाऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, मुलांचे दात तपकिरी पडले होते. तिथल्या वडीलधाऱ्या केजाबाईंची नात सोनी तर तोंडावर हात ठेवूनच हसायची. चांगल्या पाण्याचा पंप होता. पण लांब, शाळेमागे.

सभेत मी हिंदीतून सावध मांडणी केली. दातांना आणि कालांतराने हाडांनाही अपाय होण्याची शक्यता नाकारता येत नाही, वगैरे.

प्यायचे की नाही, एवढेच केजाबाईंनी विचारले, “हव दीदी, फेर पीबो के नइ पीबो?”

“हो सके तो मत पीजिए.”

“हो सके तो!” त्या बायकांकडे वळून म्हणाल्या. सगळ्या हसत हसत त्याच पंपावर गेल्या.

*

शेवटी तो खराब पाण्याचा पंप रंगवायचे ठरले. लाल, म्हणजे पिऊ नका. आमचे ड्रायव्हर संतोषभैया गोल बाजारातून रंग घेऊन आले. डबा उघडला, तर झळझळीत शेंदरी!

“दीदी, सबसे शुभवाला लाया हूँ!”

सर म्हणाले, “चालते. लाल ते लाल!”

*

पुढच्या खेपेस पंपाला चुनरी नेसवलेली, समोर नारळ, उदबत्ती. सोनी हात जोडून उभी. त्यामुळे तिचे हसू मला प्रथमच दिसले. सरांनी मुकाट्याने बूट काढले.

मी केजाबाईंना रडवेल्या आवाजात विचारले, “दाई, अब सब प्रसाद समझके पी रहे हैं क्या?”

“पीबो?” केजाबाई कडाडल्या. “देवी के हाथ ला धर के कोन हलाही?”

हँडल म्हणजे देवीचा हात; तो धरून हलवायला कुणीही शिवत नव्हते. सगळ्या घागरी शाळेमागे चालल्या होत्या.

परतताना सरांचा फोन वाजला. शेजारच्या गावचे सरपंच होते. “साहब, हमारे यहाँ का पानी भी खराब है. देवी कब भेज रहे हैं?”

सरांनी फोन ठेवला. मग म्हणाले, “संतोष, गाडी गोल बाजारात घे. डबा तोच पाहिजे!”