गिरणीतली वकिली

मी ऑफिस सोडलं तेव्हा बरोबरीचे वकील म्हणाले, आता पक्षकारांनी तुला शोधायचं कुठं? अरे, निम्मा दिवस कोर्टात आणि निम्मा गावोगाव, मग त्या खोलीत बसत होतं कोण? माशा! एक कापडी पिशवी आणि एक फोन, झालं माझं ऑफिस. माजलगावात मला 'बिनखुर्चीची वकील' म्हणायला लागले. म्हणेनात का. मला कोडं दुसरंच पडलं होतं. टेबलासमोर बसलेला माणूस एक सांगतो आणि जिना उतरताना भलतंच बोलून जातो, ते का?

एक दिवस तेलगावकडून एका बाईचा फोन आला. ओळख ना पाळख.

"तुमचं हापिस कुठं हाय?"

"ऑफिस नाही मावशी."

"लई बरं झालं. मंगळवारी आमच्या गिरणीत या."

ऑफिस नाही म्हटलं की लोक हळहळतात, आणि ही चक्क खूश! ते काय गौडबंगाल आहे बघायलाच मी गेले. पिठाच्या गिरणीत इतका खडखडाट होता की शेजारणीचं बोलणं ऐकायला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागे. ज्वारीचा डबा मांडीशी धरून पन्नाशीची एक बाई बसली होती, फोनवरची मावशी हीच. मला बघून तिनं कपाळाला हात लावला.

"अवो, रिकाम्या हातानं आलात? लोक काय म्हणतील?"

मुकाट्यानं समोरच्या दुकानातून दोन किलो ज्वारी आणली आणि नंबरला बसले. कॉलेजात हे कुणी शिकवलं नव्हतं.

"पण गिरणीतच का, मावशी?"

"वकिलाचा जिना चढलं की जेवायच्या आत गावभर होतं. गिरणीत बाई आली, तर कोण इचारतं का?"

मग ती कानाशी लागली. वडील वारले होते. मोठा भाऊ म्हणत होता, शुक्रवारी रजिस्ट्री ऑफिसला चल, एक सही करायची आहे. कसली, ते सांगत नव्हता. भाचीनं मात्र गुपचूप कागदाचा फोटो पाठवला होता. मी वाचला. हक्कसोडपत्र होतं. वडिलांच्या कालव्याखालच्या रानातला आपला हिस्सा ती भावाला राजीखुशीनं सोडून देत होती म्हणे. राजीखुशीनं! माझं डोकंच तडकलं.

"सही न्हाई केली तर जेल होती का?"

"कशाची जेल! वाटा तुमचा आहे, कुणी जबरदस्ती करू शकत नाही."

"आन् माहेर? ते ऱ्हातं का?"

माहेर राखायचं कलम कायद्यात नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पोरबाळ नाही, हक्कानं जाऊन बसावं असं भावाचं एकच दार. सही केली तर रान जाणार, नाही केली तर बहुतेक भाऊ. मी एवढंच सांगितलं, "सहीच्या आधी रजिस्ट्रारसाहेब विचारतील, कबूल आहे का? सगळ्या बाया मान डोलावतात. काय बोलायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. मी तिथं असेन."

"पण वळख दाखवू नका बरं!"

शुक्रवारी मी आवारात, रजिस्ट्री ऑफिसच्या उघड्या खिडकीलगतच्या झेरॉक्सच्या मशिनपाशी उभी राहिले. ती भावाच्या मोटारसायकलवर मागं बसून आली, माझ्याकडं ढुंकूनही न बघता आत गेली. काय बोलेल ही? खरं सांगते, मला अंदाजच येईना. साहेबांनी कागद पुढं सरकवला.

"वाचलंय का? कबूल आहे?"

भावानंच उत्तर दिलं, "हाव साहेब, कबूल हाय."

"त्यांना विचारतोय."

पंख्याखाली कागद फडफडत होते. मग ती हळूच, पण नीट ऐकू येईल असं म्हणाली, "न्हाई साहेब. कबूल न्हाई."

भाऊ तडक बाहेर गेला, गाडीला किक मारली आणि तिला तिथंच सोडून निघून गेला. ती पायरीवर येऊन रस्त्याकडं बघत राहिली. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मला वाटलं, आपण कशाला नाक खुपसलं? घर तुटलं ना हिचं!

आवारात तिच्या गावची दहा-बारा माणसं तरी असतील. सगळी टकामका बघत होती. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावरून मला हाक मारली, "अवो वकीलबाई, तिकडं कावून उभ्या? या की हिकडं. आता कुणाची चोरी?"