४.१० वाजता आगाशी येथे आगमन

मंत्र्यांचा दौरा कार्यक्रम ज्याने स्वतःच्या हाताने टाइप केला, त्यानेच त्यावर भरवसा ठेवावा, याला काय म्हणायचं? मी तरी गाढवपणा म्हणतो. आणि हा गाढवपणा मी वयाच्या बाविसाव्या वर्षी, चांगला शुद्धीत असताना केला.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी तालुक्याच्या एका सरकारी कचेरीत टंकलेखक होतो. काम एकच, प्रती काढायच्या मेणकागदावर टाइप करायचं, म्हणजे स्टेन्सिल कापायचं. त्यात सगळ्यात डोकं उठवणारी चीज म्हणजे दौरा कार्यक्रम. सकाळी ८.३० वाजता मुंबईहून मोटारीने प्रयाण. १०.०५ आगमन व राखीव. १२.३० ते २.०० भोजन व राखीव. शेवटी 'सोयीनुसार मुंबईकडे प्रयाण'. ही 'राखीव' भानगड काय असते ते मला नोकरीच्या अखेरपर्यंत कळलं नाही. सोय कोणाची, ते मात्र पहिल्या महिन्यातच कळलं. १०.०५ म्हटलं की साहेब साडेबाराला येणार, हे आमच्या शिपायालासुद्धा पाठ होतं. मलाही होतं. तरी व्हायचं ते झालंच.

आमचं घर नंदाखालला. केळीची आणि पानवेलीची वाडी, वडील सकाळ-संध्याकाळ बागेच्या पाण्यावर, आई घरात आणि देवळात. मला एकच बहीण, दोन वर्षांनी मोठी. घरात सगळे तिला बाय म्हणत. ती शाळेत शिकवायची आणि रविवारी मिस्सेला चर्चमधला ऑर्गन वाजवायची. ऑर्गनची खोड तिला लागली, आणि तिच्यामुळे आम्हा दोघांना एका विलायती बँडची. आमचा मावसभाऊ बोटीवर होता. तो येताना रेकॉर्डी आणायचा. गावातली इतर पोरं नाचायला लागेल असलं काहीतरी मागायची. बायला हवा असायचा तो एकच बँड, ज्याचं एकेक गाणं वीस-वीस मिनिटं चालायचं, मध्येच थांबायचं, दुसऱ्याच वाटेला लागायचं, आणि ऑर्गनवाला असा काही सुटायचा की आई स्वयंपाकघरातून विचारायची, हे मयताचं आहे की लग्नाचं? बाय म्हणायची, दोन्हीचं आहे. आई कपाळाला हात लावायची.

त्या वर्षी बायने सिस्टर व्हायचं ठरवलं. कोणी भरीस घातलं नव्हतं. उलट वडील आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. आई शेजारणींना आनंदाने सांगायची आणि घरात येऊन रडायची. कॉन्व्हेंट लांब होतं, एक रात्र गाडीत काढावी लागे. पहिली दोन वर्षं घरी येणं नाही, पत्र महिन्याला एक, तेही तिथल्या मोठ्या सिस्टर वाचून देणार. रेकॉर्डी आणि रेडिओचं नावच नको. निघायचं होतं रविवारी, साडेपाचच्या बसने विरारला आणि तिथून गाडीने.

आणि त्याच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी मावसभाऊ दारात उभा, काखेत त्या बँडची नवी कोरी रेकॉर्ड. तीन वर्षांनी निघालेली. कव्हरवर एक रिकामी खुर्ची आणि मागे ओहोटीचा समुद्र. एका बाजूला मिळून एकच गाणं, दुसऱ्या बाजूला तीन. सोमवारी सकाळी ती त्याला वांद्र्याच्या एका दोस्ताला द्यायची होती, शब्द दिला होता.

बायने रेकॉर्ड बाहेर काढून उजेडात धरली, रेघा बघितल्या आणि परत आत घातली. शुक्रवारी दिवे नव्हतेच. मग ती मला म्हणाली, "हे मला एकदा पूर्ण ऐकायचंय. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एका दमात. एकदा ऐकलं की सुटले. अर्धवट राहिलं ना, तर तिथे प्रार्थनेत डोक्यात वाजत बसेल."

ती हे हसत बोलली, पण मी तिचा भाऊ. थट्टा कधी आणि खरं कधी, हे मला कळायचं. तिला तिथे मोकळ्या डोक्याने जायचं होतं.

आता दिव्यांचं सांगतो. त्या काळी आमच्याकडे वीज पाहुण्यासारखी यायची. कधी येणार आणि किती वेळ टेकणार, याचा नेम नाही. आमचा रेकॉर्ड प्लेअर विजेवरचाच. फक्त एका गोष्टीची खात्री सगळ्या पंचक्रोशीला होती, की मंत्र्याची गाडी हद्दीत असेपर्यंत दिवे जात नाहीत. लोक मंत्री येणार कळलं की पिठाची गिरणी गाठत, पंप लावत. आणि मंत्री कधी येणार, हे गावात सगळ्यांच्या आधी कोणाला माहीत? मला. गुरुवारीच मी स्टेन्सिल कापलं होतं. रविवार, सायं. ४.१० वाजता आगाशी येथे आगमन. ४.१५ दवाखान्याच्या इमारतीचे उद्घाटन. ५.२० सोयीनुसार प्रयाण. शेजारच्या आगाशीची आणि आमची लाइन एकच. म्हणजे ४.१० ते ५.२०, सत्तर मिनिटं. रेकॉर्ड पंचेचाळीस मिनिटांची. देवानेच बेत आखून दिलाय असं वाटलं मला.

शनिवारी संध्याकाळी साडेसहाला दिवे आले. बायने लगेच प्लेअरवरचं फडकं काढलं. मी म्हटलं, थांब. मध्येच गेले तर? अर्धवट राहील. उद्या खात्रीचे आहेत, माझ्याकडे कागद आहे. ती म्हणाली, आज आहेत ना, लाव की. मी म्हटलं, तू मला सांगू नकोस, मी रोज तेच करतो. मावसभाऊ म्हणाला, लाव रे, काय होतंय. मी त्यालाही गप्प केलं. एकदा कोणी ऐकायला लागलं की मला जोर चढतो, ही माझी जुनी खोड. बायने फडकं परत टाकलं.

त्या शनिवारी साडेसहा ते दहा दिवा एकदाही लुकलुकला नाही. दुसऱ्या दिवशीच्या तयारीसाठी वायरमन लोकांनी दिवसभर लाइन ठाकठीक केली होती, हे मला सोमवारी समजलं. समोरच्या घरात दहापर्यंत रेडिओ चालू होता. मी तो ऐकत वऱ्हांड्यात बसलो होतो, आणि एकदाही माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही.

रविवारी मिस्सा झाली, जेवणं झाली, माणसं भेटायला येऊन गेली. बारा वाजता दिवे गेले ते गेलेच. मी सगळ्यांना सांगत होतो, काळजी नको, चार-दहा. चार वाजता आम्ही तिघं मधल्या खोलीत बसलो. बाय पांढऱ्या साडीत, ट्रंक दाराशी. चार-दहा झाले. चार-वीस झाले. साडेचारला मी सायकल काढली आणि आगाशी गाठली.

तिथे मांडव सजलेला, शाळेतली मुलं उन्हात ओळीत उभी, त्यांच्या हातातली फुलं माना टाकलेली. आमच्या कचेरीतले अव्वल कारकून खुर्चीवर वारा घेत बसले होते. मी विचारलं, साहेब? ते म्हणाले, विश्रामगृहावर आहेत, जेवण उशिरा झालं, राखीव जरा लांबलं. मी म्हटलं, पण ४.१० आहे ना कार्यक्रमात. ते माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, अरे, तो तर तूच टाइप केलास ना?

मी तसाच वायरमनकडे गेलो. तो स्विचपाशी विडी ओढत बसला होता. नाक्यावरचा हवालदार हात वर करणार आणि मग हा स्विच टाकणार, असा बंदोबस्त होता. मी हात जोडले. म्हटलं, दादा, पाऊण तास फक्त, बहीण चाललीय. त्याने विचारलं, सासरी का? मी म्हटलं, नाही, सिस्टर व्हायला. त्याने विडी विझवली. तिला माझा नमस्कार सांग, म्हणाला, पण आधी स्विच टाकला तर माझी नोकरी जाईल. त्याच्यावर मी चिडायला नको होतं. पण चिडलो, नको ते बोललो, आणि तसाच घरी आलो.

पाच वाजून पाच मिनिटांनी दिवे आले. मी अक्षरशः उडी मारली. बायने स्वतः सुई ठेवली. सुरुवातीला नुसता ऑर्गन, खालच्या सुरात, एकटा, जणू कोणी रिकाम्या देवळात दार लोटून आत आलंय. मग मागून ढोल, मग गिटार. बाय पलंगाच्या कडेवर बसून डोळे मिटून ऐकत होती, बोटं मांडीवर चालत होती. साडेपाचची बस गाठायची तर पंचवीस मिनिटं होती. म्हणजे निदान पहिली बाजू होणार होती. मला वाटलं, चला, निम्म्याने तरी वाचलो.

दहाव्या मिनिटाला आवाज जाड झाला, खाली खाली गेला आणि बंद पडला. पंखाही थांबला.

नंतर कळलं ते असं. नाक्यावरून एक पांढरी अॅम्बेसेडर आली. हवालदाराने सलाम ठोकून हात वर केला. ती निघाली लग्नाच्या वऱ्हाडाची, रस्ता चुकलेली. दहा मिनिटांनी कोणाच्या तरी लक्षात आलं, आणि स्विच पुन्हा बंद.

बायने रेकॉर्डवर बोट ठेवून ती हलकेच फिरवून बघितली. सुईतून घोगरं काहीतरी आलं. ती हसली, पुन्हा फिरवली, आणि मग हात काढून घेतला. वडील दारातून म्हणाले, चला. मी म्हटलं, पाच मिनिटं थांबा, येतील. वडील पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले नाहीत. त्यांनी ट्रंक उचलली.

फाटकापाशी तिने माझा हात धरला. "पुढे काय होतं ते मला लिहून कळव," म्हणाली.  शनिवारबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. वडील, मावसभाऊ आणि ती बसला गेले. मी गेलो नाही. रागाने फणफणत खोलीत बसून राहिलो, मंत्र्यावर, कागदावर, वायरमनवर, आणि सगळ्यात जास्त ज्याच्यावर यायला हवा होता, त्या माझ्यावरचा राग मी अजून बाहेर काढला नव्हता.

सव्वासहा झाले असतील. दिवे आले. प्लेअरचं बटण कोणी बंद केलंच नव्हतं. रेकॉर्ड आपणहून कण्हत फिरायला लागली आणि जिथे थांबली होती तिथून ते गाणं उठलं. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला.

"बाय, लाइट आली गं."

मग तिकडे भांडंही वाजलं नाही. थोड्या वेळाने आई येऊन पलंगावर टेकली, त्याच जागी. तिने ते सगळं ऐकलं, दोन्ही बाजू, मयताचं की लग्नाचं ते न विचारता. आगाशीहून मंत्र्यांचं भाषण कर्ण्यावर ऐकू येत होतं. जनतेच्या प्रेमामुळे उशीर झाला, असं काहीसं चाललं होतं.

सोमवारी कचेरीत मला वृत्तांत टाइप करायला दिला. 'ठरल्याप्रमाणे ४.१५ वाजता उद्घाटन झाले.' मी अव्वल कारकुनांना म्हटलं, हे खोटं आहे. ते म्हणाले, कार्यक्रमात काय लिहिलंय? ४.१५. मग? मी टाइप केलं. चार प्रती काढल्या. तेव्हा कुठे माझा स्वतःवरचा राग जागेवर आला, कारण ज्या कागदाला हे लोक खरं मानतात त्यालाच मीही खरं मानलं होतं. ते निदान पगारासाठी मानत होते.

तिने सांगितलं होतं म्हणून मी पत्र लिहायला बसलो. रेकॉर्ड गेली होती, पण रविवारी रात्री मी ती पुन्हा एकदा पहिल्यापासून लावली होती, डोक्यात होती. गाणं कसं लिहायचं? मी मिनिटं घातली. अकराव्या मिनिटाला ऑर्गन परत एकटा पडतो. तेराव्याला तो तुझ्या त्या उपवासकाळातल्या गाण्यासारखा चढतो, पण वरती पोचत नाही, तिथून मागे फिरतो. सोळाव्याला सगळे मिळून येतात. शेवटी फक्त गिटार, मग तीही नाही. चार पानं झाली. पहिल्या बाजूचं एवढंच. आयुष्यात इतकं मन लावून मी काही लिहिलं नव्हतं. दुसरी बाजू पुढच्या महिन्यासाठी ठेवली, आणि तेही पत्र लिहून, पाकिटात घालून, तिकीट लावून तयार केलं.

तीन आठवड्यांनी तिचं उत्तर आलं. आईला, वडिलांना चार-चार ओळी. माझ्यासाठी खाली थोडं:

"तुझं पत्र मोठ्या सिस्टरनी वाचून मला दिलं, काही बोलल्या नाहीत. फार नीट लिहिलंस. आता मला ते शेवटपर्यंत ऐकू येतं. मिस्सेत येतं, जपमाळेच्या वेळी येतं, मी थांबवायला बघते आणि थांबत नाही. दुसऱ्या बाजूचं लिहू नकोस."

आईने विचारलं, तुला काय लिहिलंय? मी म्हटलं, बरी आहे म्हणते. आणि मागच्या दारी जाऊन ते तिकीट लावलेलं पाकीट चुलीत घातलं.