भांडण नसलेला अर्ज

आता तुमच्यापासून काय लपवायचं! माझ्या आयुष्यातली पहिली केस मी हरले. त्यात काय, सगळेच हरतात, असं म्हणाल. पण समोरची पार्टी आपल्याच बाजूची असताना हरलेलं कोणी पाहिलंय? मी आरशात रोज पाहते.

झालं असं. मालवणात आमच्या शेजारी फिलूआंटी राहतात. निवृत्त शिक्षिका, एकट्या. मुलगी गोव्यात असते आणि दर रविवारी फोनवर सांगते, "मम्मी, घर बंद कर आणि हंय ये." आंटींना जायचं नव्हतं. त्यांनी ठरवलं, मागच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायच्या. चार माणसं येतील, घर जागतं राहील. अडचण एकच, विजेचा मीटर. तो घरगुती राहिला तर जमेल. व्यापारी झाला तर बिल परवडणार नाही, मग कुलूप आणि गोवा.

वीज कंपनीचे इंजिनिअर सावंतसाहेब भला माणूस. ते म्हणाले, "माझ्या मते घरगुतीच. तुम्ही स्वतः तिथे राहताय ना? पण लिहून द्यायचा अधिकार मला नाही. मंचाकडे अर्ज करा."

"तोंडी नको गो बाय," आंटी मला म्हणाल्या. "सायब बदलतत. माका कागद व्हयो."

आता हा मंच म्हणजे ग्राहक आणि वीज कंपनी यांच्यातले वाद मिटवणारी जागा. तिथे वकील चालत नाही, ग्राहकाचा प्रतिनिधी चालतो. माझी कायद्याची पदवी झाली होती, सनद यायची होती. म्हणजे अशी माणसं जगात असावीत तर याच कामासाठी!

मी रात्रंदिवस घाबरून अर्ज लिहिला. घाबरून का, तर माझा स्वभावच तो. कुकरची शिटी झाली तरी मी "काय झालं?" विचारते. कंपनीला राग येऊ नये म्हणून पहिल्याच परिच्छेदात लिहिलं, "अर्जदार व कंपनी यांच्यात कोणताही वाद नाही." वर ते अधोरेखित केलं. आणि शेवटी मागणी लिहिली, "अर्जदाराने दोन खोल्या पाहुण्यांना दिल्यास मीटर घरगुती राहील किंवा कसे, याबाबत मंचाने कौल द्यावा."

हसू नका. आमच्या भागात वाढलेल्या माणसाला हे अगदी सरळ वाटतं. विहीर खणायची, होडी घ्यायची, सोयरीक जुळवायची, आधी देवळात जायचं. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि विचारतो. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नको. मला कायद्याला घालायचं की नाही, हेसुद्धा बाबांनी असंच विचारलं होतं. उजवी पडली. देव 'अजून काही घडलंच नाही, मग कशाला विचारता?' असं म्हणत नाही. मी धरून चालले की मंचही म्हणणार नाही.

तारखेला कुडाळला जायचं होतं. गाडी कोणाची? सावंतसाहेबांची! "तुम्ही तिथेच जाताय, मीही तिथेच जातोय," ते म्हणाले. वाटेत आंटींनी त्यांच्या आईच्या गुडघ्याची चौकशी केली आणि घरचं दोदोल, म्हणजे नारळ-गुळाची मऊ मिठाई, खायला दिलं. प्रतिपक्ष बोटं चाटत गाडी चालवत होता.

सुनावणी सुरू झाली. शिपायाने कुठल्याशा कागदावर धाडकन शिक्का मारला आणि मी दचकून उभी राहिले. अध्यक्षांना वाटलं, मला बोलायचंय.

"बोला. वाद काय आहे?"

"वाद नाही साहेब!" मी अभिमानाने म्हणाले.

"कंपनीने नोटीस दिली?"

"नाही."

"मीटर बदलू म्हणाले?"

आंटी मधेच म्हणाल्या, "नाय सायबानू, ह्यो खूप बरो माणूस आसा." सावंतसाहेब लाजले.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "मॅडम, कंपनी म्हणते दुकान, तुम्ही म्हणता घर आणि त्यात तुमचं काम अडलंय, असं असतं तर आम्ही तुमचा हक्क जाहीर केला असता. त्यासाठी मीटर बदलेपर्यंत थांबायचीही गरज नाही. पण इथे कोणी कोणाला नाही म्हणतच नाहीये. मग आम्ही लिहू तो निर्णय नव्हे, नुसता सल्ला. सल्ला द्यायचा अधिकार आम्हाला नाही. कौल हवा असेल तर देवळात जा."

आता सांगते, घोषणात्मक निर्णय आणि सल्ला यांतला फरक या विषयावर मी परीक्षेत चार पानं लिहिली होती. सरांनी वर 'उत्तम' असा शेरा मारला होता. चारही पानं त्या क्षणी डोक्यातून उडाली. राहिलं एवढंच, की वाद हवा. आत्ता हवा. नाहीतर आंटींच्या घराला कुलूप.

मी सावंतसाहेबांकडे वळले. "साहेब, तुम्ही व्यापारी म्हणा ना!"

"मी कशाला म्हणू? घरगुतीच आहे."

"अहो, कसं घरगुती? गेटवर पाटी लागणार! पाटी लावलेलं घर पाहिलंय?"

"तेवढ्याने काय होतं?"

"खोलीत दरपत्रक टांगणार! लोक मोबाइलवर पोहे कसे होते ते लिहिणार!" माझा आवाज चढत होता. आयुष्यात पहिल्यांदा मला भीती वाटत नव्हती. "आणि साहेब, दारात आलेल्या माणसाकडे आंटी आधार कार्ड मागणार. घरच्या पाहुण्याकडे तुम्ही कधी आधार कार्ड मागता का?"

सावंतसाहेबांनी हनुवटी खाजवली.

"हे मात्र पटलं," ते अध्यक्षांना म्हणाले. "साहेब, कंपनीचं म्हणणं बदलतो. मीटर व्यापारी."

"झाला वाद!" मी टाळीच वाजवली. आंटींकडे पाहून हसले. आंटी हसल्या नाहीत.

"छान," अध्यक्ष म्हणाले. "आता अर्जदारातर्फे बोला. आधार कार्डाच्या मुद्द्याला तुमचं उत्तर काय?"

मी तोंड उघडलं. विचार केला, मुद्दा खरंच पक्का होता. कोणी काढला होता, देव जाणे!

"साहेब," मी म्हणाले, "तो मुद्दा... बरोबर आहे."

परतताना गाडी तीच. आंटी पुढे बसल्या, मी मागे. दोदोलचा डबा आंटींच्या मांडीवर, बंद. उतरताना सावंतसाहेब हळूच म्हणाले, "छान बोललात हो मॅडम." मला रडू आलं.

काही दिवसांनी निर्णय आला. 'अर्जदाराच्या प्रतिनिधींनी समर्थपणे मांडलेले मुद्दे विचारात घेता मीटर व्यापारी राहील, असे जाहीर करण्यात येते.' म्हणजे आम्ही मागितला होता सल्ला आणि मिळाला चक्क निर्णय. फक्त उलटा.

आंटींनी व्हरांड्यात बसून तो दोनदा वाचला. शिक्षिकेने वही तपासावी तसा.

"ह्याच्या वर कोण आसा?"

"विद्युत लोकपाल. अपील करता येतं," मी पुटपुटले. "पण आंटी, तुम्ही... गोव्याला...?"

"खंय गोव्याक? घर बंद करून मी खंय जावचंय नाय. अपील करूया."

माझ्या जिवात जीव आला. "मी येऊ ना?"

"येवकच व्हया!" आंटींनी कागदाची नीट घडी घातली. "फक्त ह्या टायमाक तू कंपनीच्या बाजून उभी रव. मग मी जिंकतलंय."