साडूंचा अळणी श्रावण

आजारी पडावं तर आमच्या साडूंनी. बाकीच्या सोलापूरनं नुसतं अंथरूण धरावं. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. चिंचोळी एमआयडीसीत त्यांचं पंपाच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करायचं, म्हणजे त्यांत नवी तार भरायचं दुकान आहे. पूर्वी ते कधी दिवसरात्र न झोपता साऱ्या गावाच्या मोटारी फुकट भरून द्यायचे, तर कधी महिनेच्या महिने भिंतीकडे तोंड करून पडायचे. मग डॉक्टरांनी लिथियमची गोळी सुरू केली आणि साडू ताळ्यावर आले. मला आनंद झाला, नाही असं नाही. पण या आजाराचं त्यांनी जे वैभव करून ठेवलं, ते मला आजतागायत पचलेलं नाही.

दुसरा माणूस मनाच्या आजाराची गोळी लपवून घेतो. हे भर पंगतीत डबी काढतात आणि शेजारच्याला समजावतात, "स्टॅबिलायझर असतोय बगा, तसंच हाय. व्होल्टेज चढलं तर वाइंडिंग जळतंय, पडलं तर मोटार उचलत न्हाय. ही गोळी मदी उभी ऱ्हाती." ऐकणारे जेवायचे थांबतात. मीही रोज सकाळी रक्तदाबाची गोळी घेतो. आजवर एकानंही तिचा रंग विचारलेला नाही.

गोळीचे त्रासही त्यांना शोभून दिसतात. तहान फार लागते, म्हणून पाण्याची भलीमोठी बाटली कायम बगलेत. आणि त्या ओघानं अक्कलकोट रस्त्यावरची प्रत्येक मुतारी तोंडपाठ. हात बारीक थरथरतात, म्हणून हॉटेलवाला न सांगता कप अर्धाच भरतो आणि पुन्हा आणून देतो. वजन वाढलं तर सासूबाई म्हणाल्या, "अंगानं भरलेत, बरं दिसतंय की." माझं वाढलं तेव्हा त्यांनी भाकरीची दुरडी लांब सरकवली होती. रक्तातलं लिथियम अधूनमधून तपासावं लागतं. कमी पडलं तर उपयोग नाही, जास्त झालं तर विष. तपासणी बरोबर आली की हे घरोघर पेढे वाटतात. माझ्या बढतीच्या पेढ्यांना कुणी एवढ्या हौसेनं हात लावला नव्हता. वर बायको मला म्हणते, "दाजींसारखं मोकळं बोला की जरा." काय बोलू? रक्तदाबावर?

मागच्या श्रावणात मात्र घोटाळा झाला. इतकी वर्षं तब्येत टिकली म्हणून साडूंनी महिनाभर अळणी खायचा नेम धरला. मीठ आणि पाणी नेहमीइतकंच ठेवा, मीठ तोडलं तर गोळी अंगात साठते, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि ते साडूंनीच आम्हा सगळ्यांना ऐकवलेलं. अक्कानं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, आठवण करून दिली तर म्हणाले, "डॉक्टरांनी पथ्याचं सांगितलंय. देवाचं अळणी येगळं असतंय." घरात सगळ्यांनी हात जोडले. आजाराच्या जोडीला आता भक्तीचंही कौतुक सुरू झालं. मी जळून खाक झालो.

शेवटच्या सोमवारी त्यांच्याकडे जेवायला गेलो, तर साडूंचा तोल जात होता, जीभ जड झाली होती, सकाळपासून उलट्या चालल्या होत्या. "उपासाचा अशक्तपणा," सगळे म्हणाले. पण हेवा करणाऱ्याइतकं बारीक लक्ष दुसऱ्या कुणाचंच नसतं. त्यांची रोजची थरथर मला चांगली ठाऊक होती. ही ती नव्हती. हात तांब्यासकट हिसके देत होता. मी पानावरून उठलो आणि त्यांना रिक्षात घातलं. दवाखान्यात गोळी बंद करून सलाइन लावलं. श्रावणभर टाळलेलं मीठ नळीतून अंगात जायला लागलं.

जरा सावरल्यावर त्यांनी माझं मनगट धरलं. "पाव्हणं, गोळी कायमची गेली तर मी पुन्ना तसाच पडून ऱ्हानार का हो?" या माणसाला घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि मला ते अजिबात सहन झालं नाही.

पुढे डॉक्टरांनी गोळी कमी करून पुन्हा सुरू केली, तब्येत बसली. पण साडूंचं बोलणं आटलं. परवा एका लग्नात कुणीतरी तब्येत विचारली, तर "बरं हाय" एवढंच म्हणाले. आता गप्पा कोण मारणार म्हणून सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे वळले. याच क्षणाची मी कित्येक वर्षं वाट पाहिली होती. पण मी उठून त्यांच्याशेजारी जाऊन बसलो.

"साडूसाहेब, बोला की काहीतरी. तुमचा हेवा केल्याशिवाय मला करमत नाही."

त्यांनी आहेरातली टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "आता गोळीनं तोंडाला लोखंडागत चव येती. हितली बुंदीबी तशीच लागली."

इतक्या हळू म्हणाले, की ते फक्त मलाच ऐकू आलं. मी खुर्ची आणखी जवळ ओढली.