चार पेडांची वेणी

मी या ग्रुपवर नुसती वाचणारी. नातीनं मोबाईलवर मराठी लिहायचं शिकवलं म्हणून हे धाडस. शिक्षण चौथीपर्यंत, तेव्हा चुकलं-माकलं तर सांभाळून घ्या.

आधीच सांगते, माझा भुताखेतांच्या असल्या गोष्टींवर कधी विश्वास नव्हता. आम्ही धनगर, जतकडचे. मेंढरं घेऊन कुठंही मुक्काम पडायचा, मसणवट्याच्या कडेलासुद्धा. "आपल्याला भूत भेटायचं असतं तर कवाच भेटलं असतं, ते बी आपल्याला भितंय," असं माझा बाप म्हणायचा. पुढं दवाखान्यात कामाला राहिले, गेलेल्या कितीतरी माणसांना या हातांनी आंघोळ घातली. कुणी परत आलं नाही. पण एक गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे… भर सकाळी, बायकांनी भरलेल्या सोप्यात. ती इतकी वर्षं मी कुणाला नीट सांगितली नाही.

ही गोष्ट पंचाहत्तरच्या आसपासची. पाटणवरून कोयनानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका गावात मिशनचा लहानसा दवाखाना होता. तो चालवायच्या मार्गारेटबाई. गावाच्या तोंडात ते नाव बसेना, म्हणून मारगीबाई. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा थंड देशातून तरुणपणी आलेल्या. मराठी आधी पुस्तकातून शिकल्या आणि मग गावातल्या गड्यांकडून, त्यामुळे दोन्हीची मिसळ. एकदा तपासणीला आलेल्या मोठ्या साहेबाला म्हणाल्या, "आपले स्वागत असो. बसा की गड्या!" साहेब बसले, पण सबंध वेळ खुर्चीच्या टोकावर.

दुष्काळात माझी आई गेली. बाप मेंढरं घेऊन कोकणात उतरताना मला बाईंच्या पायरीवर बसवून म्हणाला, "बाई, हिला दोन घास घाला, काम करंल." शाळा तेव्हाच सुटली. जाता-येता बाप भेटायचा, पण घर म्हणाल तर मला तेच. बाईंनीच मला पुढचं वाचायला शिकवलं, इंजेक्शनच्या सुया उकळायला शिकवलं, रात्री भीती वाटली तर दिवा ठेवायला शिकवलं. त्यांचे उपकार मी कधी फेडू शकले नाही.

आता तानूआजी. नदीपलीकडच्या वाडीतली, ऊसवाल्या घरातली, तोंडानं फटकळ. कोयनेच्या भूकंपात तिच्या घराची भिंत पडली होती आणि उजवा हात दगडांखाली चेंगरला होता. बाईंनी हात वाचवला, पण अंगठा सोडून चारी बोटं जी ताठ झाली ती कायमची. भाकरी डाव्या हातानं थापायची. ती बाईंना म्हणाली होती, "मला मरणातनं वढून काढलंस, म्हंजे तू माझ्या पोटचीच. तुजं म्हायार आता हितं." आणि म्हातारीनं ते नुसतं बोलून सोडलं नाही. सासरी असलेल्या लेकीला नागपंचमीला माहेरी न्यायला भाऊ येतो, त्याला आमच्याकडं मुराळी म्हणतात. तर दर पंचमीला तानूआजीचा मुलगा शिरपती मुराळी होऊन बैलगाडी घेऊन दवाखान्यापुढं हजर. फौजेतून पेन्शन घेऊन आलेला, मोठ्या मिशांचा. दारातूनच ओरडायचा, "बाई, मुराळी आलाय! सासूनं सोडलं तर चला!" बाई वारुळाला जात नसत, पण झोका घेत, पुरणाची उकडलेली दिंडं खात आणि आदल्या दिवशी सगळ्या बायकांबरोबर भावाचा उपवास धरत. म्हणायच्या, "मला सख्खा भाऊ नाही. देवानं दिला तो मिशावाला."

त्या वर्षी मात्र बाई जायला तयार नव्हत्या. त्यांच्या बहिणीचं पत्र आलं होतं की आई अंथरुणाला खिळली आहे. बाईंच्या आईला त्यांचं मिशनरी होणं कधी मान्य नव्हतं. निघायच्या दिवशी ती स्वयंपाकघरातून बाहेरसुद्धा आली नव्हती, की पुढं बाईंच्या एकाही पत्राला तिनं उत्तर दिलं नाही. एवढं मला माहीत होतं, कारण दर टपालाला बाईंचा चेहरा मी बघायची. आता त्यांनी ठरवलं होतं, दवाखाना बंद करायचा आणि कायमचं जायचं. आई शुद्धीवर आहे तोवर तिच्यापुढं उभं राहायचं. पेटी भरून झाली होती. मला पाटणला एका कुटुंबात ठेवायचं बोलणंही झालं होतं. बाई गेल्यावर माझं कोण?

पंचमीच्या आदल्या दिवशी शिरपती आला. बाई म्हणाल्या, "दादा, या खेपेला नाही. माझं चित्त थाऱ्यावर नाही."

शिरपती पायरीवर बसला, पटका काढून गुडघ्यावर ठेवला.

"आवं बाई, मुराळी रिकामा परत धाडत न्हाईत. अपशकुन हाय त्यो. आन् म्हातारी मला घरात घील व्हय? म्हणंल, बहीण आणाय सांगितली तर नुसती बैलं घिऊन आलास मुडद्या."

"दादा…"

"तुमी जाणार त्ये समद्यांस्नी ठावं हाय. जाताय तर म्हायारातनं जावा. बिनन्हाती लेक वाटंला लावत न्हाईत आमी."

बाईंनी पेटीचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "माया, चल. उद्या परत येऊ."

दुसऱ्या दिवशी सकाळी सोप्यात ही गर्दी. पंचमीला चुलीवर तवा ठेवत नाहीत, काही चिरत नाहीत, त्यामुळं चुलीवर फक्त दिंडं उकडत होती आणि त्या वाफेत सगळं घर गोड झालं होतं. लेकी न्हाऊन ओळीनं बसलेल्या. बाई पाटावर, केस मोकळे, पिंगट, कमरेपर्यंत. तानूआजी त्यांच्या मागं. दर वर्षीची पद्धत अशी की आजी तळहातानं टाळूवर तेल थापायची आणि वेणी मी घालायची, कारण तिच्या बोटांना ते जमणारच नव्हतं.

आजीचं तोंड चालू होतं. "केस हायती का घायपाताचं सूत! लेकी, तुज्या मुलखात खोबरेल मिळत न्हाई व्हय गं? आन् ही आमची सून, हिला सांगितलं दिंडाला गूळ जरा…"

तिथंच ती थांबली. अर्ध्या वाक्यात. मी फणी घेऊन पुढं सरकले होते, तर तिनं मला कोपरानं बाजूला केलं आणि केस स्वतः हातात घेतले. मला वाटलं, म्हातारीला आज लाड आलाय. तिनं केसांचे भाग केले. तीन नाही, चार. आणि विणायला लागली. भराभर, न बघता, जशी रोज शाळेच्या घाईत पोरीची वेणी घालणारी बाई घालते.

मग माझं लक्ष तिच्या उजव्या हाताकडं गेलं.

बोटं वळत होती. चारीच्या चारी.

तानूआजीची सून तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "आत्याबाई… हात!" आजीला ऐकू गेलं नाही. सोप्यातल्या बायका एकेक करून वळून बघायला लागल्या. बाहेर झोक्यावरच्या पोरींची गाणी तेवढी ऐकू येत होती. वेणी शेवटापर्यंत झाली, चपटी, गव्हाच्या लोंबीसारखी. आमच्या भागात तशी वेणी मी आधी कधी पाहिली नव्हती. आजीनं ती उचलून बाजूला केली, वाकली आणि बाईंच्या मानेवर हळूच एक फुंकर मारली.

बाई दगडासारख्या बसल्या होत्या. डोळ्यांतून पाणी सरळ पदरावर पडत होतं. पुसतसुद्धा नव्हत्या.

आजीचा हात मांडीवर पडला. बोटं पुन्हा काठीसारखी ताठ. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि माझ्यावरच खेकसली, "काय गं, तोंडं का अशी समद्यांची? माया, वेणी घाल की पोरीची, वाळलं की केस!"

बाईंनी मागं वळून तिचे दोन्ही हात धरले. "आजी, ही वेणी कुणी शिकवली तुम्हाला?"

"कंची वेणी?"

आम्ही गाडीतून परत आलो. शिरपती वाटभर नुसता बैलांशी बोलत होता.

बाईंनी ती वेणी सोडली नाही. तशीच ठेवून दवाखान्यात काम करत राहिल्या. पंचमी होऊन आठवडा उलटायच्या आत तार आली, आई गेली म्हणून. आपल्याकडं सकाळ असते तेव्हा त्यांच्याकडं आदली रात्र असते. आमच्या पंचमीच्या सकाळी तिकडं जी रात्र होती, त्याच रात्री गेली होती.

त्या संध्याकाळी बाईंनी मला जवळ बसवलं. त्यांच्या आईला चार पेडांची वेणी येत होती, तिच्या आजीकडून आलेली. रोज शाळेआधी ती घालायची, झाली की मानेवर फुंकर मारायची आणि म्हणायची, जा आता. फुंकर मारल्याशिवाय पोरींनी स्टुलावरून उठायचं नाही, हा घरचा नियम.

"निघायच्या दिवशी मी स्टुलावर बसले होते, माया. एवढी मोठी झालेली, तरी केस सोडून बसले. ती आली नाही. मी मोकळ्या केसांनी जहाजावर चढले."

मी विचारलं, "मग आता तुम्ही जाणार?"

"तिच्यासमोर जाऊन जे मागायचं होतं…" बोलता बोलता त्यांचा हात वेणीवर गेला. मग उठल्या आणि पेटीतली भांडी एकेक काढून फळीवर लावू लागल्या. मीही लावू लागले. माझ्या घाईत एक बशी फुटली. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "मी इथं द्यायला आले होते गं. आल्यापासून नुसतं घेतेच आहे."

मी खूप विचार केला आहे. कऱ्हाडच्या एका डॉक्टरांनी नंतर आजीचा हात पाहिला. म्हणाले, सांधे जुळून गेलेत, हा हात वळणं शक्य नाही. कुणी म्हणेल, आजीनं ती वेणी कुठं जत्रेत बघितली असेल. असेल. पण फुंकर? ती कुठं बघितली? बाईंना विचारलं तर म्हणायच्या, "याला नाव देऊ नकोस, माया. उपकार मान आणि कामाला लाग." तानूआजीला तर शेवटपर्यंत काहीच आठवलं नाही. कुणी विषय काढला की चिडायची. "माजी चेष्टा करतायसा व्हय रं?"

त्यानंतर बाई थोडीच वर्षं राहिल्या. काविळीनं गेल्या. मी त्यांना आंघोळ घातली, केस धुतले. तानूआजी गाडीतून आली. शिरपतीनं तिला उचलून आत आणलं आणि तो दाराबाहेर पटका तोंडाला लावून उभा राहिला. मी म्हणाले, "आजी, वेणी तुमी घाला." तिनं खरंच हात पुढं केला. बोटं केसांत अडकवून बघितली, पुन्हा बघितली.

"न्हाई गं वळत, माये."

मग मी बसले. बाईंनी मला ती वेणी सुतळीवर किती वेळा शिकवली होती, पण दर वेळी चौथा पेड माझ्या हातून सुटायचा. त्या दिवशीही सुटला. शेवटी आपली साधी तीन पेडांची घातली. घट्ट. आणि वाकून मानेवर फुंकर मारली.

शेजारी बसलेली तानूआजी, जिला त्यातलं काही आठवत नव्हतं, ती डाव्या हातानं बाईंचं कपाळ कुरवाळत म्हणाली, "जा बाय आता."

आज मी स्वतः परमुलखात आहे, लेकाकडं. लोक चांगले आहेत, कशाला कमी नाही, देवाचे आभारच मानते. पण बाईंना टपालाच्या दिवशी काय वाटत असेल ते आता कळतं. आणि त्या सकाळचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सापडलं तर सांगा, नाही सापडलं तरी चालेल.

केस विंचरून बसले की कधीकधी मानेला गार लागतं. तेव्हा मी आधी खिडकी बघते. उघडी असली तर उठून लावून घेते. लावलेलीच असली… तर मग तशीच बसून राहते थोडा वेळ.